फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सला कोण शिकवतं, आणि कोणी शिकवावं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी यंदा सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी पास झाली, सायन्स घेतलं होतं, नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. आता तिला बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंटला घालायचा विचार आहे. एका कॉलेजचं माहितीपत्रक आणून त्यांनी शिक्षकांच्या नावांपुढच्या डिग्र्या वाचल्या आणि घोटाळ्यात पडले. एक एमडी मेडिसिन, एक एमएस सर्जरी, दोघे एम.एस्सी. मेडिकल ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीवाले, एक एम.एस्सी. नर्सिंग, आणि तिघे नुसते पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट. त्यांचं म्हणणं असं, की डॉक्टरच्या हाताखाली करायच्या कामाचं शिक्षण डॉक्टरांनीच द्यायला नको का? नर्सबाई आणि काल-परवा पास झालेली पोरं शिकवणार असतील तर एवढी फी कशासाठी? आणि शेवटच्या ओळीत विचारलंय, दुसऱ्या एका कॉलेजच्या यादीत सगळेच्या सगळे डॉक्टर आहेत, मग तिथं घालू का?

मी स्वतः पीए आहे. बेळगावच्या शहापुरात वाढले, चेन्नईला शिकले, १४ वर्षं हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरात आणि आयसीयूत काढली, नंतरची ९ वर्षं शिकवण्यात गेली. त्यामुळं माझं माप थोडं माझ्या जातभाईंकडं झुकणार, हे धरूनच वाचा. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. ज्या यादीत सगळे डॉक्टर आणि एकही पीए नाही, त्या यादीची मला जास्त काळजी वाटते.

तुमचा प्रश्न डिग्रीचा वाटतो, पण अडचण दुसरी आहे. पीए दिवसभर नेमकं काय करतो, हे आपल्याकडं फारसं कुणी बघितलेलं नाही. ते कळलं की कोणी शिकवावं हे निम्मं आपसूक कळतं. माझी सकाळ सांगते. साडेसहाला आयसीयूत. आठ पेशंट. रात्रीचा चार्ट हातात घ्यायचा, दर तासाची लघवी किती, छातीतल्या नळीतून रक्त किती आलं, बीपी कुठं होतं, पोटॅशियम किती, शुगर किती. साडेसातला सर राउंडला येतात तेव्हा एकेका पेशंटचं सगळं दीड मिनिटात सांगायचं, आणि त्यात काय खटकतंय ते आधी सांगायचं. मग थिएटर. बायपास असेल तर हृदयाला जोडायला पायातली शीर काढायचं काम आमच्याकडं. दुपारी नवीन पेशंटची हिस्ट्री, नोट्स, डिस्चार्ज समरी, नातेवाइकांना समजावणं. निर्णय डॉक्टरांचा, सही डॉक्टरांची. पण निर्णय घ्यायला जे जे लागतं ते वेळेत आणि बिनचूक त्यांच्यासमोर ठेवणं हे आमचं.

एक गोष्ट इथंच स्पष्ट सांगते, कारण आपल्या भागात गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की गल्लीतली माणसं 'डॉक्टर' म्हणायला लागतात. पीए स्वतंत्र दवाखाना घालू शकत नाही आणि स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देऊ शकत नाही. कोणी कॉलेजवाला 'चार वर्षांत अर्धा डॉक्टर' असं काही बोलला, तर तिथून चहासुद्धा न घेता उठा.

आता या कामातलं काय कोणाकडून शिकता येतं ते बघू. त्याआधी थोडा इतिहास, कारण तुमच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये हा कोर्स सुरू केला. पहिल्या बॅचला चौघे होते, सगळे नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून राबलेले. १९६७ मध्ये तिघे पास होऊन बाहेर पडले. त्यांना शिकवलं डॉक्टरांनी, कारण जगात तेव्हा पीए नावाचा माणूसच नव्हता. आपल्याकडं १९९२ मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरुवात केली. देशातली पहिली यशस्वी बायपास १९७५ मध्ये करणारे हेच ते. त्यांच्याकडं हृदयाची ऑपरेशनं वाढत होती आणि थिएटर-आयसीयू दोन्ही सांभाळणारे हात कमी पडत होते. तिथंही सुरुवातीला सर्जनच शिकवत. म्हणजे 'सगळे शिक्षक डॉक्टर' ही अवस्था धंदा पाळण्यात असतानाची. पुढं त्याच धंद्यात पिकलेली माणसं तयार झाली आणि शिकवायला परत आली. आज अमेरिकेत हा कोर्स पदव्युत्तर आहे, साधारण २७ महिन्यांचा. तिथं मेडिकल डायरेक्टर डॉक्टरच लागतो, पण कोर्स चालवणारा प्रोग्रॅम डायरेक्टर पीए चालतो, आणि बहुतेक ठिकाणी तो स्वतः पीए असतो. ज्या देशात हे जन्माला आलं तिथंच नेमणुका अशा होत असतील, तर तुमच्या माहितीपत्रकातले तिघे 'नुसते पीए' मला तरी जमेच्या बाजूला दिसतात.

डॉक्टर नकोत असं मी म्हणत नाही. आजार कसा सुरू होतो, कसा वाढतो, कुठल्या वळणावर घात करतो, हे डॉक्टरांइतकं कोणी शिकवू शकत नाही. मेडिसिन, सर्जरी, फार्माकॉलॉजी त्यांनीच घ्यावं. मेडिकल डायरेक्टर म्हणून एक अनुभवी डॉक्टर हवाच. अभ्यासक्रमात काय खोलवर शिकवायचं आणि काय नुसतं ओळखीपुरतं, ही हद्द त्यानं आखायची असते, आणि हॉस्पिटलातल्या बाकी डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना उभं करून घ्यावं म्हणून त्याच्या शब्दाला वजन लागतं. पण डॉक्टरांना एक गोष्ट शिकवता येत नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. ते कधी पीए नव्हते.

याचं एक उदाहरण माझंच आहे, माझ्या पहिल्या नोकरीतलं. बायपास झालेला पेशंट. छातीतल्या नळीतून पहिल्या तासाला १२० मिली रक्त, मग १००, मग ९०, आणि पुढच्या तासाला काहीच नाही. मी खुशीत. सीनियर पीए मॅडमना फोन करून सांगितलं, ड्रेन थांबलं. त्या आल्या. बाटलीकडं त्यांनी बघितलंच नाही, थेट मॉनिटर बघितला. बीपी हळूहळू उतरत होतं, सीव्हीपी, म्हणजे हृदयाकडं येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब, चढत होतं, लघवी कमी झालेली. त्यांनी नळी दोन बोटांत धरून खालपर्यंत दाबत नेली, तेव्हा काळपट गुठळी सरकली आणि मागून रक्त आलं. दहा मिनिटांत सर आले, वीस मिनिटांत पेशंट परत थिएटरात. हृदयाभोवती रक्त साठून ते दाबलं जात होतं, यालाच टॅम्पोनाड म्हणतात. टॅम्पोनाड मला माहीत नव्हतं असं नाही. सरांनी स्लाइड लावून शिकवलं होतं, परीक्षेत मी त्याची तीन लक्षणं लिहून पूर्ण मार्क घेतले होते. पण थांबलेलं ड्रेन वेगळं आणि अडकलेलं वेगळं, आणि रात्री अडीच वाजता रिकामी बाटली बघून हायसं वाटतं तेव्हाच खरी भीती असते, हे मला त्या मॅडमनी शिकवलं. त्या 'नुसत्या पीए' होत्या.

थिएटरातलंही तसंच. पायातली शीर काढताना तिच्या बारक्या फांद्या बांधाव्या लागतात. गाठ मुख्य शिरेला अगदी चिकटून मारली तर शीर तिथं आवळली जाते. लांब मारली तर खुंट राहतो आणि त्यात रक्त गोठू शकतं. मधली जागा मिलिमीटरभराची. ही जागा पुस्तकात वाचून सापडत नाही, शेजारी उभं राहून कुणी तरी तुमचा हात थांबवावा लागतो. सर्जन त्या वेळी छातीपाशी असतो, पायापाशी पीए. मग शिकवणार कोण? पाय बंद करताना घाई केली की आठवड्यानं जखम चिघळते आणि पेशंट घरी गेल्यावर शिव्या कुणाला बसतात, तेही आम्हालाच ठाऊक.

ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री या विषयांना एम.एस्सी. मेडिकलवाले शिक्षक असतील तर त्यात वावगं काही नाही. मेडिकल कॉलेजातही असे शिक्षक असतात. बघायचं एवढंच की ते आपल्या मुलांना एमबीबीएसच्या पोरांच्याच जुन्या नोट्स वाचून दाखवतात का. आमच्या मुलांना पायाची ती शीर घोट्याच्या आतल्या हाडाच्या पुढून वर जाते, आणि तिला बिलगून एक नस जाते जी दुखावली तर पाय महिनोन्महिने बधिर राहतो, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. मानेच्या प्रत्येक स्नायूचा उगम पाठ नसला तरी चालेल.

नर्सिंगवाल्या शिक्षिकेबद्दल तुम्ही जरा नाक मुरडलंय, म्हणून तिच्याविषयी थोडं जास्त. पहिल्या वर्षी निर्जंतुक हातमोजे कसे घालायचे, सलाईनची सुई कशी लावायची, पेशंटला कूस कशी बदलायला लावायची, एका शिफ्टनं दुसऱ्या शिफ्टला काय सांगून जायचं, हे सगळं तिच्याकडून शिकायचं असतं. हे नीट न शिकलेला पीए वॉर्डात सिस्टरांशी भांडत बसतो, आणि वॉर्डात सिस्टरांशी भांडून कोणाचं भलं झालंय? आणखी एक, पेशंटच्या बोलण्याला कान जसा नर्सला असतो तसा आमच्यातल्या पुष्कळांना नसतो.

आमच्याकडं एका दुपारी निपाणीकडच्या एक आजी आल्या होत्या. तिसऱ्या वर्षाचा मुलगा हिस्ट्री घेत होता. आजी म्हणाल्या, "पोटात गॅस फिरूलाय बघ बाळा, सकाळपासनं. जबडाबी आवळल्यागत होऊलाय." पोरानं लिहिलं, पोटाची तक्रार, गॅस. आमच्या नर्सिंग ट्यूटर शेजारच्या बेडची पट्टी बदलत होत्या. 'जबडा' हा शब्द कानावर पडताच त्यांनी हातातलं काम दुसरीला दिलं आणि पोराला म्हणाल्या, पेन ठेव, ईसीजी काढ. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता. पोटात दुखल्यासारखं वाटणारा, मळमळ आणणारा हा नेहमीचा चकवा आहे. तो मुलगा हुशार होता, इंग्रजी पुस्तकातली व्याख्या त्याला तोंडपाठ होती. पण आजी पुस्तकातलं बोलत नव्हत्या.

आणि इथंच आपल्या सीमाभागाची खास गोष्ट येते, जी कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. बेळगावच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात सकाळच्या ओपीडीला बसून बघा. जांबोटी-कणकुंबीकडून आलेला मराठी बोलतो, बैलहोंगलचा कन्नड, अथणी-रायबागकडचा दोन्हींची मिसळ करून, कॅम्पातला एखादा दख्खनी हिंदी, मधूनच कोणी कोकणी. केसपेपर मात्र इंग्रजीत. कन्नड बोलणारा पेशंट 'एदे उरी' म्हणतो, म्हणजे छातीत जळजळ. ती ॲसिडिटी असू शकते, हृदयाची कळही असू शकते. 'तले सुत्तु' म्हणजे चक्कर. पण चक्कर म्हणताना डोकं गरगरतंय, की डोळ्यांपुढं अंधारी येतेय, की नुसता थकवा आहे, हे पुढचे तीन प्रश्न त्याच भाषेत विचारता आले पाहिजेत. मराठीतही 'दम लागतोय', 'छाती भरून आलीय', 'जीव घाबरा होतोय' या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि इंग्रजी कागदावर तिन्ही एकाच शब्दात कोंबल्या जातात. म्हणून क्लिनिकल शिकवणाऱ्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारं निदान एक माणूस हवंच. त्याची डिग्री कुठलीही असू दे. बाहेरून आलेले फार विद्वान प्राध्यापक आमच्याकडं दुभाषा घेऊन वॉर्डात फिरताना मी बघितलेत. तोवर पेशंट चहा प्यायला निघून जातो.

आतापर्यंतचं थोडक्यात धरायचं तर, डॉक्टर आजार शिकवतो, एम.एस्सी.वाले शरीर, नर्सिंगची बाई पेशंटजवळ वागणं आणि हात स्वच्छ ठेवणं, आणि पीए या सगळ्यातून काम कसं उभं करायचं ते शिकवतो. पण ही सगळी माणसं यादीत असूनही कोर्स फसू शकतो. का, ते आता सांगते.

मधे एक माणूस लागतो. कुठं त्याला क्लिनिकल कोऑर्डिनेटर म्हणतात, कुठं पोस्टिंग इन-चार्ज. कोणता विद्यार्थी कोणत्या वॉर्डात, किती आठवडे, कोणाच्या नजरेखाली, आणि तिथं तो खरंच काही शिकतोय की फॉर्म पोचवतोय, हे बघणारा. मी बरीच वर्षं हेच काम केलं. कौतुक नाही आणि फोन मात्र दिवसभर. पण कोर्सचा कणा हाच. वर्गात कितीही उत्तम शिकवा, पोस्टिंगला कोणी वाली नसेल तर मूल दुसऱ्या वर्षापासून ट्रॉली ढकलतं, रक्ताचे नमुने लॅबला नेतं, आणि हॉस्पिटलला फुकटचा मनुष्यबळाचा पुरवठा होतो.

शिकवायला लागल्यावर सुरुवातीच्या एका ठिकाणी मी हे डोळ्यांनी बघितलं. नाव घेत नाही. कागदावर तिथं मोठे हृदयरोगतज्ज्ञ मार्गदर्शक होते. मुलांना त्यांचं दर्शन दोनदा होई, एकदा दीपप्रज्वलनाला आणि एकदा तपासणीच्या समितीसमोर. विद्यार्थ्यांच्या लॉगबुकात प्रत्येक कामापुढं शिकवणाऱ्याची सही लागते. किती वेळा नुसतं बघितलं, किती वेळा मदत केली, किती वेळा कुणाच्या देखरेखीखाली स्वतः केलं, असे तीन रकाने असतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी एका कनिष्ठ डॉक्टरला कँटीनमध्ये बसवून सगळ्या बॅचच्या वह्यांवर सह्या घेतल्या गेल्या. वर्षभराच्या तारखा, एकच पेन, एकच बैठक. त्याच्या पुढ्यातला डोसा निवून गेला बिचाऱ्याचा. मी तक्रार केली, तर 'मॅडम, सगळीकडं असंच चालतं' हे उत्तर मिळालं. सगळीकडं असं चालत नाही. मी पुढच्या सहा महिन्यांत तिथून निघाले, आणि त्या बॅचमधली दोन मुलं नोकरीच्या पहिल्या महिन्यात रडत मला फोन करत होती, कारण शीर काढणं सोडाच, टाक्यांची गाठ त्यांना एकदाही कुणी मारू दिली नव्हती.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. 'काल-परवा पास झालेली पोरं' ही तुमची शंका मुळीच चुकीची नाही. इंटर्नशिप संपली की तिथंच ट्यूटर म्हणून उभं करायचं, ही सोय कॉलेजला स्वस्त पडते. मुलगा किंवा मुलगी चांगली असली तरी तिनं अजून स्वतःच्या जबाबदारीवर एक रात्रही काढलेली नसते. माझ्या हिशेबानं पेशंटजवळ पाच वर्षं तरी घालवलेला पीए क्लिनिकल शिकवायला उभा राहावा. त्याआधी वर्गात मदतनीस म्हणून, प्रॅक्टिकलची तयारी करायला, ठीक. म्हणून यादीत नुसतं 'पीए' वाचून खूश होऊ नका किंवा नाराजही होऊ नका. कुठल्या विभागात किती वर्षं काम केलं ते विचारा. आयसीयूत सात वर्षं काढलेला बी.एस्सी. मला थेट एम.एस्सी. करून आलेल्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. पण विद्यापीठाच्या नियमात पदासाठी एम.एस्सी. लागत असेल तर कॉलेजचाही नाइलाज असतो.

कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल कसं आहे यावरही बरंच ठरतं. मोठ्या मेडिकल कॉलेजच्या छत्राखाली कोर्स असेल तर शिक्षक आयते मिळतात. बेळगावात १९६३ पासून मेडिकल कॉलेज आहे, सरकारी मेडिकल कॉलेजही आहे, त्यामुळं इथं शिकवणाऱ्या डॉक्टरांची वानवा नाही. मात्र मोठ्या ठिकाणी एमबीबीएसची मुलं, पीजीची मुलं, नर्सिंगची मुलं, सगळी एकाच बेडभोवती गर्दी करतात आणि पीएचा विद्यार्थी मागच्या रांगेत उभा राहून टाचा उंचावून बघतो. लहान सुपरस्पेशालिटी हॉस्पिटलात तो पुढं असतो, हात लावायला मिळतो, पण तिथं बाळंतपण, लहान मुलं, मानसिक आजार यांचे पेशंटच नसतात. मग ते विषय शिकायला मुलांना दुसरीकडं पाठवावं लागतं, आणि तिथं कोण लक्ष देतंय हे विचारावं लागतं. यातलं कुठलं बरं, याचं एकच एक उत्तर नाही. मुलगी बुजरी असेल तर मी लहान जागा सुचवेन.

कायद्याचं म्हणाल तर, २०२१ मध्ये संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएट हा व्यवसाय आहे. असिस्टंट म्हणा की असोसिएट, आपल्या कामात फरक नाही. आधी हा धंदा हॉस्पिटलच्या मर्जीवर चालायचा, आता नोंदणी आणि राज्य परिषदेची चौकट आली आहे. म्हणून कोर्स कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि नव्या व्यवस्थेत पदवीची नोंदणी होणार का, हे लेखी मागा. तोंडी 'होतंय हो सगळं' चालणार नाही.

बघायला जाल तेव्हा ॲडमिशनच्या गर्दीत जाऊ नका. आठवड्यातला साधा दिवस धरा, सकाळी नऊच्या आत. ऑफिसात बसवून माहिती देतील, ती ऐका, आणि मग सांगा की आम्हाला तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलायचंय. टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजा. भेट झाली तर त्याला विचारा, गेल्या आठवड्यात तुला पेशंटजवळ कोणी काय शिकवलं. नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. 'सिस्टर शिकवतात, सर शिकवतात' असं मोघम असलं तर पुढं खोदा. मेडिकल डायरेक्टर शेवटचे कधी दिसले तेही विचारा. आणि जमलं तर त्याचं लॉगबुक बघायला मागा. लाजू नका, मुलं दाखवतात. सह्यांची शाई बघा, तारखा बघा. निळी, काळी, मधेच फिसकटलेली, एखाद्या पानावर रक्ताचा किंवा बीटाडीनचा डाग, वेगवेगळ्या हातांच्या सह्या, असं पान दिसलं तर तिथं शिकवणारी माणसं आहेत.

तुम्ही अगदी खाली विचारलंय की मुलीला शिकवायची हौस आहे, तर पुढं ती या क्षेत्रात शिक्षिका होऊ शकेल का. होईल. आधी चार-पाच वर्षं वॉर्डात किंवा थिएटरात घालवायची, तिथं आलेल्या विद्यार्थ्यांना स्वतःहून शेजारी उभं करून घ्यायचं, मधे एम.एस्सी. करायची, मग क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, मग कोऑर्डिनेटर. माझाही रस्ता हाच होता. फक्त आत्तापासून एक काम करायला सांगा. दहावीपर्यंत मराठी शाळा असेल तर तिचं कन्नड शेजारपाजारच्या बोलण्यापुरतंच असणार. या सुट्टीत तिला ते वाचायला आणि विचारायला येईल इतकं पक्कं करू दे. शाळेच्या पुस्तकाची गरज नाही. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात एखाद्या ओळखीच्या सिस्टरबाईंना विचारून आठवड्यातून दोन सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी बसवा. काय होतंय, कधीपासून, आधी झालं होतं का, एवढे तीन प्रश्न दोन्ही भाषांत विचारून उत्तर वहीत लिहायला लावा. आणि कॉलेज बघायला जाताना तिलाही बरोबर न्या. वर सांगितलेलं सगळं तुम्ही विचारू नका, तिला विचारू दे.